अमळनेरच्या शिवारातली शून्यं

अमळनेरच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर, भर शिवारात, एक जागा आहे. तिथे उभं राहिलं की मोबाइलच्या पडद्यावर अक्षांश दिसतो २१.००००० आणि रेखांश ७५.०००००. तिथे देऊळ नाही, दगड नाही, पाटी नाही. हंगामाप्रमाणे कपाशी असेल, गहू-हरभरा असेल, नाहीतर नांगरून पडलेलं काळं रान. धुळ्याहून ही जागा सरळ रेषेत पंचवीस-सव्वीस किलोमीटर पडते. रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्या हजारो माणसांना तिचा पत्ता नाही, आणि त्यात त्यांचं काही अडतही नाही.

पण जरा हिशेब करा. पृथ्वीवर पूर्ण अंशांची अक्षवृत्तं १७९, रेखावृत्तं ३६०. ती जिथे जिथे एकमेकांना छेदतात ते बिंदू, अधिक दोन ध्रुव, असे एकूण ६४,४४२. त्यातले बहुतेक समुद्रात. जमिनीवर जे उरले त्यातले कितीतरी वाळवंटात, बर्फात, नाहीतर माणूस पोचणार नाही अशा अरण्यात. आणि खानदेशाच्या वाट्याला एकाच ओळीत तीन आलेत, तिन्ही कोरड्या जमिनीवर! पहिला अमळनेरचा. दुसरा २१ आणि ७६ अंशांचा, तो मुक्ताईनगरजवळ; गंमत म्हणजे तोही गावाच्या नैर्ऋत्येलाच, तितक्याच अंतरावर. तिसरा २१ आणि ७४ चा, साक्रीच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांची हद्द जिथे डोंगरात शिरते त्या टापूत.

२१ अंशांची ही रेषा साक्रीला जवळजवळ चिकटून जाते, अमळनेर आणि धरणगाव यांना किंचित उत्तरेला ठेवते आणि थेट जळगाव शहरातून आरपार जाते. तशीच पूर्वेला सरकत राहिलात तर व्हिएतनामची राजधानी हनोई अगदी शेजारी लागते. जळगाव आणि हनोई यांच्या अक्षांशात तीन-चार किलोमीटरहून अधिक फरक नाही. केळी दोन्हीकडे पिकतात, हे त्या मानाने स्वाभाविकच म्हणायचं.

ही शून्यं शोधत हिंडण्याची कल्पना ज्या छंदाच्या कुटुंबातली आहे, त्याचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे लोक मोबाइल घेऊन तो शोधत सुटतात. डब्यात एक वही असते. सापडला की तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसाच ठेवायचा आणि मुकाट्याने निघायचं. डब्यात खेळणी, नाणी, बिल्ले असं काही असेल तर एक वस्तू घ्यावी, तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी. बक्षीस नाही, पंच नाही. जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. २००८ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेल्या रिचर्ड गॅरियट यांनी एक तिथेही ठेवला.

या खेळाचा जन्म एका सरकारी हुकमातून झाला. २ मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घोळ घालत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटरने चुकायचं. जहाजाला ते चालून जायचं, पण झुडपातला डबा शोधायला काही उपयोग नव्हता. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने त्या दिवशी हा घोळ बंद झाला आणि जगातली सगळी यंत्रं रातोरात दसपट शहाणी झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काही पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या बीन्सचा डबा अशी खिचडी होती. आकडे त्याने इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत दोघांना ती बादली सापडली. त्याच सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं.

तसं पाहिलं तर डबा लपवून वहीत सही करण्याचं वेड इंग्लंडमध्ये आधीपासून होतं. डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवाटेच्या ठिकाणी जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये बाटली ठेवली होती. तिथवर चालत गेलेला माणूस आपलं कार्ड तिच्यात टाकून येई. पण तिथे वाट माहीत असणारा माणूस लागायचा. २००० नंतर आकडेच वाटाड्या झाले.

हे आकडे येतात कुठून, ते पाहू. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यातला प्रत्येक जण सतत दोनच गोष्टी सांगत असतो: मी या क्षणी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. बस. तुमचा फोन त्यांना काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की त्या उपग्रहापासूनचं अंतर मिळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून चौथा उपग्रह लागतो, त्याच्या मदतीने फोन आपल्या घड्याळाची चूकही काढून टाकतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी जागा तीनशे मीटरने हुकते. आजचे फोन जीपीएसच्या जोडीला रशिया, युरोप आणि चीन यांचे उपग्रह ऐकतात. काहींना आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही ऐकू येते.

इथे आइन्स्टाइन मध्ये येतो. उपग्रहावरची आण्विक घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ४५ पुढे. उपग्रहाचा वेग मोठा, म्हणून ७ मागे. बेरीज-वजाबाकी करून ३८. ही सुधारणा कुणी केलीच नाही, तर चूक साठत जाऊन ढोबळमानाने दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची होईल. म्हणजे तीन दिवसांत फोन अमळनेरात बसून धुळं दाखवू लागेल. सापेक्षतावाद हा पुस्तकातला विषय आहे असं वाटणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी डबा शोधायला जावं.

आता पुन्हा शिवारात. पूर्ण अंशांचे बिंदू गाठण्याचाही एक जगभर चाललेला उपक्रम आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये अलेक्स जॅरेट या अमेरिकी तरुणाने न्यू हॅम्पशरमधला ४३ उत्तर, ७२ पश्चिम हा बिंदू गाठला आणि त्यातून हा उपक्रम उभा राहिला. नियम साधे: बिंदूच्या शंभर मीटरच्या आत पोचा, पडद्यावरचे आकडे आणि चारही दिशांचे फोटो काढा, तिथे काय दिसलं ते लिहा. लपवलेलं काही नाही, सापडायचंही काही नाही. मला हा प्रकार डब्याहून सरस वाटतो. डबा कुणीतरी ठेवलेला असतो, शून्यं कुणी ठेवलेली नसतात.

समजा गाडी रस्त्याच्या कडेला लावली तेव्हा पडद्यावर २१.००४१२ आणि ७५.००२८६ दिसतंय. पहिल्या आकड्यात जास्तीचे .००४१२ म्हणजे साडेचारशे मीटर दक्षिणेला जायचंय. दुसऱ्यातले .००२८६ म्हणजे तीनशे मीटर पश्चिमेला. दोन्हींचा भाव सारखा नाही, कारण या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश ११०.७ किलोमीटरचा पडतो आणि पूर्व-पश्चिम एक अंश १०४ किलोमीटरचा. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात ना! तिसरं दशांशस्थळ म्हणजे शंभरेक मीटर, चौथं म्हणजे अकरा, पाचवं म्हणजे जेमतेम एक. बांधाबांधाने चालत जावं. पहिली दोन शून्यं पटकन जमतात, तिसरं जरा चालवतं, चौथ्यापासून मजा सुरू. एक पाऊल डावीकडे टाकलं की रेखांश ७४.९९९९८ होतो, उजवीकडे सरकलं की ७५.००००३. तो जमला म्हणून जागेवर थांबावं तर अक्षांश आपोआप हलतो. तुम्ही हललेले नसता, आभाळातले उपग्रह हललेले असतात. चांगला फोन उघड्या रानातही तीन-पाच मीटरचा घोळ घालतोच, त्यामुळे सगळी शून्यं एकत्र क्षणभर उमटतात आणि लगेच पळतात. तेवढ्यात फोटो टिपायचा. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एक भला माणूस फोन समोर धरून ढेकळांत मागेपुढे नाचताना दिसतो.

आणि पाहणारा असतोच. ‘काय धुंडी ऱ्हायनात भाऊ?’ हा प्रश्न येणार, हे धरूनच जावं. शेतात अनोळखी माणूस आकडे बघत फिरू लागला की शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती रस्त्याची, भूसंपादनाची, मोजणीची. ही शंका आजची नाही. १८५२ मध्ये इंग्रजांची महसूल मोजणी खानदेशात उतरली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत हजारो शेतकरी तिच्याविरुद्ध उठले होते. मोजलं म्हणजे सारा वाढणार, हे त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं. म्हणून बांधावरूनच हाक मारून परवानगी मागावी, पडदा दाखवावा, आकडे समजावून सांगावेत. गट नंबर आणि सातबारा तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्या शेताचा हा दुसरा, जगाच्या खात्यातला पत्ता कळला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बहुधा तोच पुढे होऊन विचारतो, मग नेमका माझ्या शेतात की शेजारच्या?

कागदी नकाशा आवडणाऱ्यांसाठी या बिंदूची आणखी एक गंमत. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे अंशांच्या चौकटींवर कापलेले असतात. अमळनेरच्या बिंदूवर चार चौकटींचे कोपरे मिळतात: ४६ के, ४६ एल, ४६ ओ, ४६ पी. पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा हवा तर ४६ के/१६, ४६ एल/१३, ४६ ओ/४ आणि ४६ पी/१ असे चार कागद शेजारी-शेजारी चिकटवावे लागतात, तेव्हा कुठे एका शेताच्या चारी बाजू एकत्र दिसतात. नकाशा काढणाऱ्यांनी खानदेशाच्या मधोमध कात्री चालवली ती नेमकी इथे.

ते चार कागद घेऊन गेलात तर एक कोडं पडेल. कागदावरचा कोपरा आणि फोनवरची शून्यं जुळत नाहीत. शंभरेक मीटरचा फरक पडतो. चूक कुणाचीच नाही. जुने नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेत तो जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये हिंदुस्थानच्या मोजणीतून काढला होता, आणि त्या मोजणीचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला होता. जीपीएस पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य धरून चालतं. खुद्द ग्रिनिचची तीच गत आहे. तिथल्या वेधशाळेच्या अंगणात धातूच्या पट्टीवर दोन पाय दोन गोलार्धांत टाकून पर्यटक फोटो काढतात, पण जीपीएसचं शून्य रेखावृत्त तिथून १०२ मीटर पूर्वेला बागेतून जातं. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिचला शून्य दिलं गेलं, त्याआधी ज्याचं त्याचं शून्य वेगळं होतं.

आपलंही होतं. आणि ते खानदेशातून जात होतं.

भारतीय ज्योतिषगणितात मध्यरेषा म्हणजे लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांना जोडणारी रेषा. गावाचं देशांतर, म्हणजे वेळेतला फरक, काढायचा तो या रेषेपासून, पंचांगाची गणितं सुधारायची तीही हिच्यावरून. उज्जैनचा आजचा रेखांश ७५.७७ च्या आसपास आहे. ती रेषा नकाशावर सरळ दक्षिणेला ओढा, सातपुडा ओलांडा, तापी ओलांडा. भुसावळच्या अंगाला अंग घासून ती जाते. म्हणजे आज ज्याला आपण रेल्वेचं जंक्शन म्हणून ओळखतो, तिथून कधीकाळी जगाचं शून्य जात होतं. जळगावचं देशांतर या हिशेबाने मिनिटभरसुद्धा भरत नाही. अमळनेरचं तीन मिनिटांच्या आत.

याच मुलखात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्याने तिथे मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर पंडितांचे वाद आहेत, त्यात आपण पडू नये. पण १११४ साली जन्मलेल्या या माणसाने गोलाध्यायात पृथ्वीचा घेर कसा काढायचा ते सांगून ठेवलंय: उत्तर-दक्षिण सरळ असलेली दोन गावं घ्या, त्यांचं अंतर मोजा, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, त्रैराशिक मांडा. चाळीसगाव आणि अमळनेर ही दोन्ही गावं आजच्या ७५ अंशांच्या रेषेला लागून, जवळजवळ एकमेकांच्या उत्तर-दक्षिण. दोन्हीकडचे अक्षांश आणि मधलं सरळ अंतर घेऊन शाळेतल्या मुलांनी हा प्रयोग करावा असा आहे. घेर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास यायला हवा.

अक्षांश काढायला फोनही लागत नाही. रात्री उत्तरेकडे तोंड करून हात लांब करा, मूठ मिटा. लांब धरलेल्या मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. तिच्या लगेच वर जो एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसतो तो ध्रुव. ध्रुवाची उंची म्हणजेच तुमचा अक्षांश. काश्मीरला गेलात तर साडेतीन मुठी लागतील, कन्याकुमारीला एकही पुरती भरणार नाही. खानदेशाच्या दोन मुठी अन् वर किंचित, हे कोणत्याही उपग्रहाच्या आधीपासून ठरलेलं आहे.

रेखांशाचं काम घड्याळ करतं, आणि इथे ७५ हा आकडा फारच देखणा निघतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. ७५ भागिले १५ म्हणजे पाच. ग्रिनिचच्या बरोबर पाच तास पुढे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवर बेतलेली, साडेपाच तास पुढे. फरक नेमका अर्ध्या तासाचा, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. म्हणून अमळनेरच्या त्या शेतात सरासरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराला होते. सरासरी म्हणायचं कारण सूर्य वर्षभर वक्तशीर नसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं आधी माथ्यावर येतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा. वर्षातले चार दिवस मात्र तो घड्याळाशी जुळतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर, २५ डिसेंबरच्या आसपास. त्या दिवशी शेतात काठी रोवा. साडेबाराच्या ठोक्याला सावली सर्वांत आखूड आणि नेमकी उत्तरेला; १३ जूनला मात्र दक्षिणेला.

मे महिन्यात तर ती सावली नाहीशीच होते. २५-२६ मे आणि पुन्हा १७-१८ जुलैला सूर्य २१ अंशांवर येतो, बरोबर डोक्यावर. जुलैत ढगांमुळे भरवसा नसतो. मे महिन्यात आभाळ स्वच्छ, पण जळगाव-भुसावळचा तो पारा! चव्वेचाळीस अंशांत पायाखाली गोळा झालेली स्वतःची सावली बघायला उघड्या रानात उभं राहणाऱ्याला खानदेशी माणूस काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

आता स्वतःचा डबा ठेवायचा झाला तर. भारतात हा छंद अजून विरळ आहे आणि आपल्याकडे त्याला दोन खास अडचणी आहेत. पहिली, बेवारस वस्तूची. भुसावळ स्थानकावर दर थोड्या वेळाने जी सूचना ऐकू येते ती ज्यांच्या कानात बसलीय, त्यांनी गर्दीच्या जागी झाकणबंद डबा दिसला तर पोलिसांना फोन करावा हेच योग्य. म्हणून स्थानकं, बसस्टँड, पूल, सरकारी इमारती, देवळांची आवारं वगळायची. डबा पारदर्शक घ्यायचा, वर मराठीत ठळक लिहायचं की हा खेळ आहे. दुसरी अडचण गुप्तधनाची. आडरानात दगडाखाली कुणीतरी काहीतरी ठेवताना दिसलं, एवढी बातमी गावात पसरली की पंधरा दिवसांत तिथे विहिरीएवढा खड्डा पडलेला दिसेल. डबा पुरायचा नाही, हा खेळाचा नियमच आहे. खानदेशात तो जास्त कडक पाळावा. संरक्षित किल्ले आणि लेणी, यावलसारखी अभयारण्यं, इथे तर नावच काढू नये.

त्यापेक्षा मला या मुलखाला शोभेल असं वाटतं ते डब्याविनाचं रूप. २००४ पासून त्याला अर्थकॅश म्हणतात. तुम्ही फक्त जागेचे आकडे आणि दोन-तीन प्रश्न द्यायचे. उत्तरं त्या जागेवर डोळे उघडे ठेवून उभं राहिल्याशिवाय मिळू नयेत. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांना चिरत वर आलेल्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. त्यांनी दोनशेहून जास्त मोजल्यात आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. रस्त्याने जाताना कुणीतरी बांधून अर्धवट सोडलेला तट वाटावा अशी एखादी भिंत किलोमीटरच्या किलोमीटर माळावरून चालत जाते. प्रश्न विचारा: भिंतीचा दगड बाजूच्या दगडापेक्षा कठीण आहे का? भेगा आडव्या आहेत की उभ्या? भिंत कोणत्या दिशेला धावते? तसंच चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. पाणी अंगाला लागलं की मुलांनाच प्रश्न पडतात, आपण द्यायची गरज नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. भारताची जमीन ईशान्येकडे सरकतेय, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर. हिमालय त्यानेच उभा राहिला. जीपीएसची जाळी मात्र सबंध पृथ्वीला धरून बसवलेली आहे, ती कुण्या एका खंडाबरोबर वाहत जात नाही. म्हणजे अमळनेरचं ते शेत शून्यांच्या खालून हळूहळू निघून चाललंय. अल्मरने बादली पुरली तेव्हा जिथे शून्यं पडली असती ती जागा आज सव्वा मीटर तरी ईशान्येला गेलीय. बांधावरून बघणाऱ्याला उलटं वाटेल: बिंदूच नैर्ऋत्येला, धुळ्याच्या बाजूला सरकतोय. या वेगाने धुळ्याच्या वेशीपर्यंतचं अंतर कापायला त्याला पाच लाख वर्षं लागतील. सध्या तरी तो जळगाव जिल्ह्याचाच म्हणायला हरकत नाही. तेव्हा नेमका माझ्या शेतात की शेजारच्या, या प्रश्नाचं उत्तर तारीख घालूनच द्यावं लागतं.

जायचं ठरवलंत तर मी २५ डिसेंबर सुचवीन. नाताळची सुट्टी असते, ऊन कोवळं असतं, सूर्य घड्याळाशी जुळलेला असतो. पिकं उभी असतील, म्हणून बांधावरूनच जितकं जवळ जाता येईल तितकं जावं. शंभर मीटरच्या आत पोचलात तरी नियमाने चालतं. साडेबाराला काठीची सावली बघून घ्यावी. आणि हे दिवस भरीताचे. बामणोदची वांगी पिशवीत टाकावी, कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या घरून बांधून घ्याव्यात. वांगी भाजायला काड्या शेतातच मिळतात, मात्र त्या विचारून घ्याव्यात आणि मालकालाच पहिल्या पंगतीला बसवावं. संध्याकाळी सहा-साडेसहानंतर थांबता आलं तर उत्तरेला उंचावर शर्मिष्ठेचे पाच तारे शोधा, तिथून खाली उतरत दोन मुठींपाशी या. परतीच्या वाटेवर कुणी विचारलंच की दिवसभर काय करत होतात, तर भरीत पार्टी होती म्हणून सांगावं. जळगाव-धुळ्यात त्यापुढे कुणी काही विचारत नाही.